बायबलात पाचच वेळा

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेने झालेलं बायबलचं इंग्रजी भाषांतर १६११ साली छापून निघालं. पुढची तीन शतकं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानावर चर्चमध्ये आणि घरी मुख्यतः हीच भाषा पडत राहिली. सात-आठ लाख शब्दांचा हा ग्रंथ. त्यात ‘रिलिजन’ हा शब्द किती वेळा येतो?

पाच वेळा.

जुन्या करारात, म्हणजे ग्रंथाच्या तीन चतुर्थांशाहून मोठ्या भागात, तो एकदाही येत नाही. अब्राहाम घरदार सोडून निघतो, मोशे डोंगरावरून आज्ञा घेऊन उतरतो, दावीद गातो, संदेष्टे राजांना खडसावतात. यातल्या कुणालाही हा शब्द लागत नाही. पाचही उल्लेख नव्या करारातले. त्यांतल्या दोन ठिकाणी मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘यहुदी रीतीने वागणं’ असा आहे, उरलेल्या तीन ठिकाणी ‘उपासना’ असा. ज्या पुस्तकाला सगळं जग एका मोठ्या ‘रिलिजन’चा आधारग्रंथ म्हणून ओळखतं, त्या पुस्तकाचं या शब्दावाचून जवळजवळ काहीच अडलं नाही.

मराठीत आपण ‘रिलिजन’च्या जागी बेधडक ‘धर्म’ ठेवतो आणि पुढे जातो. शेजारधर्म, धर्मशाळा, धर्मकाटा, ‘जाळणं हा अग्नीचा धर्म’ यांतला धर्म ‘रिलिजन’मध्ये मावत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. उलट बाजूकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ‘रिलिजन’ हा शब्दही मुळात इतका आटोपशीर नव्हता. आज त्याचा जो अर्थ आपण सनातन समजतो, म्हणजे एक देव किंवा अनेक देव, एक ग्रंथ, एक संस्थापक, काही श्रद्धा, काही सण आणि भोवती एक ठळक सीमारेषा, तो अर्थ जेमतेम चारशे वर्षांचा आहे.

शब्द आला लॅटिनमधून. तिथे तो ‘रिलिगिओ’. रोमन माणूस हा शब्द कुठे कुठे वापरायचा ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. शपथ मोडायची वेळ आली की आतून जी धास्ती पाय मागे ओढते, ती रिलिगिओ. एखादी गोष्ट करू नये असं मनाला बोचत राहतं, ती बोचणीही रिलिगिओ. विधी करताना एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून घेतलेली काळजीसुद्धा तीच. रोमनांच्या दिनदर्शिकेत काही दिवस ‘रिलिगिओसी’ असत. १८ जुलै हा त्यांतला एक. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्या तारखेला अल्लिया नदीकाठी गॉल लोकांनी रोमन सैन्याची दाणादाण उडवली होती. तेव्हापासून त्या दिवशी नवं सरकारी काम कुणी हाती घेत नसे. आपण ज्याला वर्ज्य दिवस म्हणू, त्याला ते ‘रिलिजस’ म्हणत.

त्यांच्या कायद्यात तर जमीनसुद्धा ‘रिलिजस’ होऊ शकत होती. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस सांगतो की देवांना वाहिलेली वास्तू वेगळी आणि ‘रिलिजस’ जागा वेगळी. एखाद्याने स्वतःच्या जमिनीत आपलं मृत माणूस पुरलं की ती जागा ‘रिलिजस’ झाली. ना पुजारी हवा, ना सरकारी परवाना. शेतकऱ्याने आईला शेताच्या कोपऱ्यात मूठमाती दिली की तेवढा तुकडा विकण्या-विकत घेण्याच्या व्यवहारातून बाहेर पडला. भूमीला चिकटलेली ती आदरयुक्त भीती, एवढाच तिथे शब्दाचा अर्थ.

या शब्दाचं अनेकवचनही रोमनांकडे होतं, पण ते निरनिराळे विधी आणि निरनिराळी बंधनं यांच्यासाठी. एकमेकांसमोर उभ्या ठाकलेल्या संपूर्ण व्यवस्था, असा अर्थ त्यात नव्हता. मराठीत जवळचं काही शोधायचं तर ‘नेमधर्म’ हा जोडशब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. ‘आजीचा नेमधर्म कडक होता’ या वाक्यात जे आहे ते रोमन माणसाला दुभाष्याशिवाय कळलं असतं.

या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून दोन माणसांनी, साडेतीनशे वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या वाटा धरल्या. इसवी सनापूर्वी ४५च्या सुमारास सिसेरो या रोमन लेखकाने तो ‘पुन्हा पुन्हा वाचणं, पुन्हा पुन्हा नजरेखालून घालणं’ या क्रियापदाशी जोडला. देवकार्यातल्या गोष्टी जो परत परत तपासतो तो रिलिजस. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकाने सिसेरोला खोडून काढलं. त्याच्या मते मूळ क्रियापद ‘बांधणं’ हे होतं. माणूस देवाशी बांधला जातो ते बंधन म्हणजे रिलिगिओ. भाषाशास्त्रज्ञांचं यावर आजही एकमत नाही. पण दोघांनी काय निवडलं ते पाहा. एकाला त्यात काटेकोरपणा दिसला, दुसऱ्याला नातं. एकाच्या डोळ्यांपुढे रोमचे जुने विधी होते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे एक देव. व्युत्पत्ती सांगताना दोघेही स्वतःचं जग सांगत होते.

सिसेरोचा अर्थ मेला असं मात्र समजू नये. आजच्या इंग्रजीत एखादी बाई रक्तदाबाची गोळी ‘रिलिजसली’ घेते, कुणी झाडांना ‘रिलिजसली’ पाणी घालतो. इथे देवाचा संबंध नाही. न चुकता, मन लावून, नेमाने, एवढंच त्या क्रियाविशेषणात आहे. नामाने पुढे कितीतरी वेष बदलले. क्रियाविशेषणाने दोन हजार वर्षांपूर्वीची सवय सांभाळून ठेवली. दातांच्या निगेबद्दल बोलणारा इंग्रज दिवसातून दोनदा नकळत रोमन होतो.

इंग्रजीत हा शब्द आला नॉर्मन फ्रेंचच्या मागोमाग. त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत या अर्थाच्या आसपासचा शब्द होता ‘ऍफॅस्टनेस’. त्यातल्या पहिल्या भागाचा अर्थ कायदा, दुसऱ्याचा घट्ट. म्हणजे नियमाला घट्ट धरून राहणं. आजच्या हिब्रूत रिलिजनसाठी जो ‘दात’ शब्द वापरतात, त्याचाही बायबलातला अर्थ कायदा किंवा फर्मान असाच आहे आणि तो फारसीच्या घराण्यातून तिथे गेलेला आहे. इतक्या दूरच्या दोन भाषांना या ठिकाणी नियमच आठवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बाराव्या-तेराव्या शतकात इंग्रजीत स्थिरावला तेव्हा ‘रिलिजन’चा अर्थ अगदी अरुंद होता. मठात राहणं. ‘तो रिलिजनमध्ये गेला’ म्हणजे तो मठवासी झाला. ‘अ रिलिजस’ म्हणजे जोगी किंवा जोगीण, ज्याने व्रत घेतलं आहे असा माणूस. गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा देणारा, लग्नं लावणारा पाद्री ‘रिलिजस’ नव्हे, तो ‘सेक्युलर’! कारण तो मठाबाहेरच्या जगात राहायचा. कॅथलिक परिभाषेत ‘सेक्युलर प्रीस्ट’ आजही आहेत. आपल्या राज्यघटनेमुळे ‘सेक्युलर’ शब्दावर दर निवडणुकीला तावातावाने बोलणाऱ्या आपल्या देशात, हा शब्द एके काळी पाद्र्यांच्याच एका वर्गाचं नाव होता हे ऐकून कुणालाही दोन क्षण गप्प व्हावं लागेल.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम इंग्लंडात कुणा अनामिकाने लिहिलेला ‘अँक्रेने विसे’ नावाचा ग्रंथ आहे. तीन बहिणींनी जगापासून दूर, बंद कोठडीत राहून प्रार्थनेचं आयुष्य पत्करलं होतं. त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. त्यांना लोक विचारत, तुम्ही कोणत्या संघाच्या? काळ्या झग्याच्या की पांढऱ्या? लेखक त्यांना सुचवतो की आपण संत याकोबाच्या संघाच्या, असं सांगा. हा संघ कुठेच नव्हता. पण बायबलातल्या त्या पाच उल्लेखांपैकी दोन याकोबाच्या पत्रात आहेत आणि त्यांतल्या एका ठिकाणी निर्मळ रिलिजन म्हणजे अनाथांची, विधवांची विचारपूस करणं आणि जगाचा डाग लागू न देणं, असं सांगितलं आहे. झग्याचा रंग विचारणाऱ्यांना दिलेलं हे उत्तर आठशे वर्षांनंतरही मला निरुत्तर करतं. त्याच शतकात, लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या टॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रिलिगिओला सद्गुणांच्या यादीत बसवलं, तेही न्यायाच्या पोटात. देवाचं देणं देवाला देणं, एवढाच त्याचा अर्थ. सद्गुण असल्यामुळे तो माणसात कमी-जास्त असू शकत होता. प्रामाणिकपणाला जसं अनेकवचन नाही तसं त्यालाही नव्हतं.

मग १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत आठव्या हेन्रीने इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे आठशे मठ बंद केले. ज्यांना ‘रिलिजस’ म्हणत ती माणसंच उरली नाहीत. शब्दाचं राहतं घर गेलं. युरोपभर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांशी झगडत होते. कोणाचं खरं आणि कोणाचं खोटं, हा प्रश्न आता मरण्या-मारण्याचा झाला होता. या झगड्यात दोन्ही बाजूंना एक शब्द हवा होता, ज्याने आपलंही नाव घेता येईल आणि समोरच्याचंही. मोकळा पडलेला ‘रिलिजन’ हाताशी होता. आधी तो माणसाच्या अंगचा गुण होता. आता तो माणूस ज्याच्या आत उभा आहे अशी कुंपण घातलेली जागा झाला. त्याच्या आत किंवा बाहेर असता येऊ लागलं, तो बदलता येऊ लागला, त्याची दुसऱ्याशी तुलना होऊ लागली.

त्याच वेळी जहाजं लांबलांब जात होती आणि खलाशी, व्यापारी, पाद्री नवनव्या लोकांची वर्णनं आणत होते. ती भरायला खण हवे होते. १६१३ साली सॅम्युअल पर्चसने जगभरच्या ‘रिलिजन्स’चं भलंमोठं वर्णन छापलं, अनेकवचन थेट ग्रंथाच्या नावात आलं. पुढच्याच वर्षी एडवर्ड ब्रेअरवुड या प्राध्यापकाचं भाषांच्या आणि रिलिजन्सच्या विविधतेवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्याने सगळ्या जगाला चार खणांत बसवलं: ख्रिस्ती, मुसलमान, यहुदी आणि मूर्तिपूजक. चौथ्या खणात काय काय होतं याचा विचार करा. चीन, जपान, आफ्रिकेचा मोठा भाग, अमेरिका खंडातल्या शेकडो जमाती, आणि आपले विठोबा, खंडोबा, शांतादुर्गा. ‘उरलेले’ या एका शब्दात बहुतेक मानवजात.

सुरतेच्या इंग्रजी वखारीतला पाद्री हेन्री लॉर्ड याने १६३० साली वाणी आणि पारशी यांच्यावर पुस्तक छापलं, तेव्हा शीर्षकात दोघांना ‘सेक्ट’ म्हटलं. चौथा खण फोडून त्याचे वेगळे खण करायला आणखी दोनशे वर्षं गेली. ‘हिंदुइझम’ अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लिखाणात दिसू लागतं. १८१६ साली राममोहन रॉय ते वापरतात. ‘बुद्धिझम’ आणि ‘ताओइझम’ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळले, ‘कन्फ्यूशियनिझम’ त्यानंतर. नावं नवी, माणसं जुनी. पंढरीची वाट तुडवणाऱ्या वारकऱ्याला आपण एका ‘इझम’चे सभासद आहोत हे ऐकून काय वाटलं असतं, कोण जाणे.

इंग्लंडातल्या लोकांच्या मनात मात्र शब्द बराच काळ घरगुतीच राहिला. हेन्री फील्डिंगच्या १७४९ सालच्या ‘टॉम जोन्स’ कादंबरीतला पाद्री थ्वॅकम ठासून सांगतो की मी रिलिजन म्हणतो तेव्हा मला ख्रिस्ती रिलिजन अभिप्रेत असतो, त्यातही प्रोटेस्टंट, आणि त्यातही चर्च ऑफ इंग्लंड. सहाच वर्षांनी सॅम्युअल जॉन्सनच्या कोशात या शब्दाचे दोन अर्थ शेजारीशेजारी आले. एक, देवाविषयीच्या आदरावर उभा असलेला सद्गुण. दुसरा, इतरांहून वेगळी अशी श्रद्धेची आणि उपासनेची व्यवस्था. जुना आणि नवा अर्थ एकाच पानावर नांदताना मला इथे दिसतात.

शब्द किती एका विशिष्ट मातीतला आहे हे कळलं जपानमध्ये. १८५८ साली अमेरिकेशी झालेल्या तहाच्या आठव्या कलमात जपानमधल्या अमेरिकनांना ‘रिलिजन’चं स्वातंत्र्य दिलं गेलं. दुभाष्यांपुढे पेच पडला, कारण या मापाचा शब्दच जपानीत नव्हता. पंथ, शिकवण, आचार यांना वेगवेगळे शब्द होते. सगळ्यांना कवेत घेणारा एक नव्हता. बरेच पर्याय वापरून झाल्यावर १८७०च्या दशकात ‘शूक्यो’ हा जुना बौद्ध शब्द नव्या कामाला लावला गेला. चीनने तोच पुढे उचलला. आणि शब्द आल्याबरोबर प्रश्न आला: शिंतो, म्हणजे जपानमधली देवस्थानांची परंपरा, हा रिलिजन आहे का? सरकारने उत्तर दिलं, देवस्थानांचे सरकारी विधी म्हणजे रिलिजन नव्हे, ते नागरिकाचं कर्तव्य. १८८९च्या राज्यघटनेने श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं, पण देवस्थानापुढे झुकणं सरकारने त्या स्वातंत्र्याच्या कक्षेबाहेर ठेवलं. परदेशातून आणलेल्या एका शब्दाची सीमारेषा कुठे ओढायची, यावर कोट्यवधी लोकांचं नित्य जीवन ठरलं.

विद्वानांनी व्याख्या करून पाहिल्या. १९१२ साली मानसशास्त्रज्ञ जेम्स ल्युबा याने आपल्या पुस्तकाच्या शेवटी रिलिजनच्या जवळपास पन्नास व्याख्या गोळा करून दिल्या. १९६०च्या दशकात विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या कॅनेडियन अभ्यासकाने, ज्याने १९४०च्या दशकात लाहोरला शिकवलं होतं, हा शब्द सोडूनच द्यावा असं सुचवलं. त्याच्या जागी त्याने दोन शब्द ठेवले: पिढ्यानपिढ्या साचत गेलेली परंपरा, आणि माणसाच्या आतली श्रद्धा. मला ही विभागणी मोलाची वाटते. पण त्यावरून ‘रिलिजन नावाचं काही नाहीच’ इथवर जाणारे लोक मला पटत नाहीत. शब्द येण्याआधीही माणसं हात जोडत होती, मृतांना निरोप देत होती, नवस फेडत होती. शब्दाने त्या सगळ्याची वाटणी कशी केली, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

वाटणीचा परिणाम आकड्यांतही दिसतो. २००१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये विचारलं गेलं: तुमचा रिलिजन कोणता? स्कॉटलंडमध्ये विचारलं गेलं: तुम्ही कोणत्या रिलिजनचे, पंथाचे किंवा संस्थेचे आहात? ‘कोणताही नाही’ असं इंग्लंड-वेल्समध्ये १४.८ टक्के लोकांनी सांगितलं, स्कॉटलंडमध्ये २७.५ टक्के लोकांनी. दोन्हीकडचा इतिहास वेगळा, तेव्हा सगळा फरक प्रश्नाच्या माथी मारता येणार नाही. पण ‘तुमचा कोणता’ या प्रश्नात तो प्रत्येकाला असतोच हे गृहीत धरलेलं आहे, आणि ‘तुम्ही कोणत्या संस्थेचे’ या प्रश्नात सभासदत्वाची विचारणा आहे. त्याच जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३,९०,१२७ लोकांनी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला ‘जेडाय’ हा आपला रिलिजन म्हणून लिहिला. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त असतात तशी तिथे चॅरिटी कमिशन ही संस्था आहे. एका जेडाय संघटनेचा नोंदणीचा अर्ज तिने २०१६ साली नाकारला.

न्यायाधीशांनाही हा शब्द चुकवता आला नाही. १९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे युद्धावर जायला नकार देणाऱ्या तरुणांचा खटला आला. त्यात न्यायालयाने मान्य केलं की आस्तिकाच्या आयुष्यात देव ज्या जागी असतो, तीच जागा भरून काढणारी प्रामाणिक निष्ठा कायद्यासाठी पुरेशी आहे. ब्रिटनच्या २००६च्या चॅरिटी कायद्यात सरळ लिहिलं गेलं की अनेक देव मानणाराही रिलिजन असतो आणि एकही न मानणाराही. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सायंटॉलॉजी या पंथाच्या लंडनमधल्या प्रार्थनागृहात लग्न नोंदवायला परवानगी दिली आणि इंग्लंडच्या कायद्यात या शब्दाची एकच एक व्याख्या कधीच नव्हती, हेही नमूद केलं. १९७० साली खालच्या न्यायालयाने देवाची आराधना ही अट घातली होती आणि बौद्ध विहारांना अपवाद मानलं होतं. आता बौद्धांना अपवाद म्हणून आत घ्यायची गरज उरली नाही.

बौद्धांचा हाच प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयांच्या कितीतरी आधी हाताळला होता. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांनी इंग्रजीत लिहिला आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात ते विचारतात, रिलिजन म्हणजे काय, आणि धम्म त्याहून वेगळा कसा. रिलिजन हा निश्चित अर्थ नसलेला शब्द आहे, कारण तो निरनिराळ्या टप्प्यांतून गेला आणि प्रत्येक टप्प्यावर अर्थ बदलूनही नाव तेच राहिलं, असं ते दाखवतात. रिलिजन ही ज्याची त्याची खाजगी बाब मानली जाते; धम्म मुळातच सामाजिक आहे, दोन माणसं एकत्र आली की त्यांना तो लागतोच, ही त्यांची मांडणी. इंग्रजी पुस्तकाच्या नावात त्यांनी ‘धम्म’ तसाच ठेवला. जगाला इंग्रजीत सांगायचं, पण इंग्रजीने पाडलेल्या खणात बसायचं नाही, हा निर्णय किती विचारपूर्वक घेतलेला होता हे शब्दाचा सगळा प्रवास पाहिल्यावर कळतं.

हल्ली इंग्रजी बोलणारे अनेकजण स्वतःला ‘स्पिरिच्युअल, पण रिलिजस नव्हे’ म्हणतात. सरकारी आणि सभ्य बोलण्यात ‘रिलिजन’ऐवजी ‘फेथ’ जास्त ऐकू येतो. वेल्सने तर शाळेतल्या ‘रिलिजस एज्युकेशन’ या विषयाचं नावच बदललं. सप्टेंबर २०२२पासून लागू होऊ लागलेल्या नव्या अभ्यासक्रमात त्याचं नाव आहे ‘रिलिजन, व्हॅल्यूज अँड एथिक्स’. तिथल्या मुलांना आता ही तीन नावं शेजारीशेजारी दिसतात. यातलं एक दुसऱ्यात मोडतं का, असा प्रश्न वर्गात एखादी मुलगी विचारेलच, आणि शिक्षकांना सिसेरोपासून सुरुवात करावी लागेल.